वरचे पैसे

मुंबईत रिक्षाचं किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५पासून २६ रुपये झालं. असं भाडं दहा वर्षांपूर्वी असतं, तर प्रवाशाने तीस रुपये पुढे केले असते, रिक्षावाल्याने खिसे चाचपले असते आणि दोघांच्या संमतीने किंवा एकाच्या नाइलाजाने चार रुपये मागे राहिले असते. आता सीटच्या पाठीवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. २६ म्हणजे २६. उडुप्याच्या हॉटेलातही तेच. १८६ रुपयांचं बिल बडीशेपेच्या बशीतून यायचं, शंभराच्या दोन नोटा जायच्या आणि परत आलेल्या चौदा रुपयांतले किती उचलायचे याचा निकाल उठता उठता लागायचा. २०१६मध्ये यूपीआय आलं आणि हळूहळू ही सुट्ट्या पैशांची सोय संपली. पूर्वी बक्षिसी देण्यासाठी काहीच करावं लागत नसे, पैसे न उचलणं पुरेसं होतं. आता ती मुद्दाम ठरवून द्यावी लागते. जे ठरवून द्यायचं त्याचा हिशोब मनात सुरू होतो: का, कुणाला, किती?

या प्रश्नांना आपल्याकडे सरधोपट उत्तर नाही. अमेरिकेतून आलेला भाचा ‘वीस टक्के’ म्हणतो, सासरेबुवा ‘दहाची नोट पुष्कळ झाली’ म्हणतात आणि एखादा तत्त्वनिष्ठ ‘पगार मालक देतो, मी कशाला?’ असं म्हणून मोकळा होतो. तिघांच्याही म्हणण्यात काही ना काही तथ्य आहे. पण माझ्या मते टक्क्यांची भाषाच इथे फारशी कामाची नाही. आपल्याकडे वरचे पैसे देण्याच्या दोन निरनिराळ्या पद्धती आहेत. एक ओळखीच्या माणसाला वर्षातून एकदा, दिवाळीला द्यायची. दुसरी अनोळखी माणसाला जागच्या जागी द्यायची. पहिली जवळजवळ पगाराचाच भाग आहे, दुसरी खुशीचा मामला. गोंधळ होतो तो एकीचा नियम दुसरीला लावल्यामुळे.

आधी दिवाळीचं पोस्त. वसुबारसेच्या आसपास दारावरची घंटा जास्तच वाजायला लागते. पेपरवाला, दूधवाला, वॉचमन, जिना झाडणारी बाई, गाडी पुसणारा मुलगा, कचरा नेणारे, पोस्टमन, गॅस सिलिंडर आणणारा. काही सोसायट्या सगळ्यांची वर्गणी एकत्र करतात आणि यादीप्रमाणे पाकिटं वाटतात. हे बरंच सोयीचं आहे. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी किती दिले ही चौकशी त्यामुळे टळते. मात्र ही यादी सोसायटीच्या पगारी माणसांपुरती असते. रोज पहाटे पाच वाजता सायकलवरून येणारा पेपरवाला तीत नसतो, कारण त्याला कुणी नेमलेलं नसतं.

घरकाम करणाऱ्या बाईंच्या बाबतीत शहरांमधला रिवाज आता बऱ्यापैकी पक्का झाला आहे: दिवाळीला एक पगार. ही रक्कम आकाशातून पडलेली नाही. १९६५च्या बोनस कायद्यात कारखान्यातल्या कामगाराला किमान बोनस वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के ठरवून दिला होता. वर्षाचा बारावा हिस्सा काढला की तेवढेच येतात, म्हणजे एक महिन्याचा पगार. गिरणीत नवऱ्याला मिळणारा बोनस बायकोने चार घरच्या मालकिणींकडे मागितला, असं हे सरळ नातं आहे. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, त्यातून संघटना उभ्या राहिल्या आणि भरपगारी सुट्टी व बोनस या गोष्टी हक्काने मागितल्या जाऊ लागल्या. राज्याने २००८मध्ये घरकामगार कल्याण मंडळाचा कायदाही केला. पण बोनसची कायदेशीर तरतूद घरकामाला लागू नाही, तेव्हा हा ‘एक पगार’ कायद्याने नव्हे, रिवाजानेच चालतो. मुंबईचे डबेवालेसुद्धा दिवाळीला ग्राहकाकडून एका महिन्याचे जादा पैसे घेतात. त्याला कुणी भीक म्हणत नाही.

म्हणूनच पगाराऐवजी साडी देऊन वेळ निभावणाऱ्या घरांबद्दल मला तक्रार आहे. साडी द्यावी, जरूर द्यावी, पण एक पगार देऊन वर द्यावी. चार घरच्या चार साड्यांतून मुलाची फी भरता येत नाही. बाई सहा महिन्यांपूर्वी लागल्या असतील तर अर्धा पगार, हा हिशोब बाईंनाही मान्य असतो. मात्र वर्षभराचे खाडे मोजून त्यातून कापून घेणं हा कोतेपणा आहे. बोनस म्हणजे वर्षभरात थोडा थोडा मागे ठेवलेला पगारच, अशी कामगार चळवळीची जुनी मांडणी आहे. घरकामाला ती कारखान्याइतकीच लागू पडते.

पोस्ताचं मूळ शोधत मागे गेलं की बलुतेदारीपाशी पोचतो. सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार यांनी वर्षभर गावाचं काम करायचं आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा न्यायचा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५च्या ‘गाव-गाडा’त या व्यवस्थेचा जो हिशोब मांडला आहे तो आजही वाचण्यासारखा आहे. ठरल्या वाट्याखेरीज सणावाराला, लग्नकार्याला वरचं मागणारे किती आणि ते द्यावं लागताना कुणब्याच्या पदरात काय उरतं, याचं त्यांना फार वैषम्य होतं. पण खळ्यावर वाटा मागणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर चित्र आणखी विदारक दिसतं. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडलं. त्यामागचा विचार असा, की सरकारी आणि गावकीच्या राबणुकीचा मोबदला गावकऱ्यांच्या मर्जीवर सोडू नये, बलुत्याच्या जागी रोख आणि निश्चित रक्कम मिळावी. मर्जीवर पोट असलं की मान खाली घालावी लागते, हे ज्यांनी भोगलं होतं त्यांचीच ही मागणी होती. ते विधेयक तेव्हा पार पडलं नाही. वतनं कायद्याने जायला स्वातंत्र्यानंतरचं १९५०चं दशक उजाडलं.

आंबेडकरांच्या विधेयकाच्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला नेमकी हीच लढाई चालू होती. अमेरिकेत पुलमन कंपनीच्या झोपण्याच्या सोयीच्या रेल्वेडब्यांत प्रवाशांची सरबराई करणारे हमाल बहुतांशी कृष्णवर्णीय होते. सुरुवातीच्या पिढीतले तर नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले. कंपनी पगार अगदी कमी द्यायची आणि बाकीचं प्रवाशांच्या बक्षिसीवर सोपवायची. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना बांधली, तेव्हा त्यांची एक मुख्य मागणी होती: बक्षिसीवर जगवू नका, नीट पगार द्या. कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७ उजाडलं.

हमालांना पगार मिळाला, पण हॉटेलांतली पद्धत तशीच राहिली आणि पुढे कायद्यातही शिरली. आज अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर रोख पगार दिला तरी चालतो. हा आकडा १९९१पासून बदललेला नाही. टीप धरून तासाला ७.२५ डॉलर भरले नाहीत तर तूट मालकाने भरायची, असा नियम आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत ही सवलत नाही, तिथे पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. अमेरिकेत मुलीकडे गेलेल्या आईवडिलांना वीस टक्के टीप रुपयांत मोजून धाप लागते ती या २.१३चा पत्ता नसतो म्हणून. तिथे टीप न देणं म्हणजे वाढप्याचा पगार कापणं. अलीकडे मात्र कॉफी कपात ओतून देणाऱ्या काउंटरवरही स्क्रीन आपल्याकडे वळवून १८, २०, २५ टक्के विचारतात. तिथे ‘नाही’ दाबायला हरकत नाही. जपानमध्ये याच्या उलट, टेबलावर पैसे ठेवून निघालात तर विसरले समजून कुणीतरी मागून धावत येण्याचा संभव जास्त.

मग टक्क्यांचा आग्रह धरणारे म्हणतात, टीपमुळे सेवा सुधारते. कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकेल लिन यांनी या विषयावर अनेक वर्षं संशोधन केलं. सेवेचा दर्जा आणि टीपची रक्कम यांचा संबंध असतो, पण अगदी पुसट, असा त्याचा सूर आहे. लोक सवयीने देतात आणि लोक पाहतात म्हणून देतात. आपला अनुभव काय वेगळा आहे? महागड्या हॉटेलात तीन हजारांच्या बिलावर तीनशे सोडणारा माणूस खानावळीत चार वेळा आमटी वाढणाऱ्याला काहीच देत नाही. पायपीट दोघांची सारखीच असते, खानावळीतल्याची कदाचित जास्त. टक्केवारीने टीप मोजली की श्रम नव्हे, पनीर टिक्क्याची किंमत मोजली जाते.

हॉटेलांच्या बिलावरचा सर्व्हिस चार्ज हा या सगळ्यातला सर्वांत वादाचा विषय. त्याची कथा थोडक्यात सांगायला हवी, कारण पुष्कळ जण अजूनही त्याला सरकारी कर समजून भरतात. तो कर नाही. सरकारचा कर म्हणजे जीएसटी. सर्व्हिस चार्ज हॉटेलमालक आपल्या मनाने लावतो, बहुधा पाच ते दहा टक्के, आणि वर त्यावरही जीएसटी पडतो. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली: बिलात तो आपोआप जोडायचा नाही, दुसऱ्या नावाखालीही घ्यायचा नाही, तो न देणाऱ्याला आत येऊ देणार नाही असं म्हणायचं नाही. हॉटेलमालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली आणि पुढची अडीच वर्षं बिलं पूर्ववत छापली गेली. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या, दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा खर्च ठोठावला. त्यावर अपील झालं. तरी आज बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर काढून मागता येतो, आणि मॅनेजरने हुज्जत घातली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

मालकांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, रोख टीप फक्त टेबलावर येणाऱ्या वेटरला मिळते. आत भटारखान्यात घामाघूम झालेला आचारी, मोरीवर भांडी घासणारा, टेबलावर फडकं मारणारा पोरगा यांना काही नाही. सर्व्हिस चार्ज सगळ्यांत वाटता येतो. मुद्दा बरोबर आहे. पण वाटला जातो का, हे ग्राहकाला कळायला मार्ग नाही. ब्रिटनने याचं उत्तर कायद्यानेच दिलं. १ ऑक्टोबर २०२४पासून तिथे टीप आणि सर्व्हिस चार्जची सगळी रक्कम, काहीही न कापता, न्याय्य पद्धतीने कर्मचाऱ्यांत वाटणं मालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे असं बंधन नसताना ‘कर्मचाऱ्यांसाठी’ म्हणून मालकाने पैसे गोळा करणं मला पटत नाही. द्यायचं असेल तर पदार्थांचे भाव वाढवा आणि पगार वाढवा. मेनूकार्डावर कबूल केलेल्या भावाबद्दल कुणी भांडत नाही.

टीप हा पगार आहे का, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला. ग्राहकाने कार्डाने बिल भरताना त्यातच टीप दिली, ती हॉटेलच्या खात्यात आली आणि मग कर्मचाऱ्यांत वाटली, तर त्यावर मालकाने पगाराप्रमाणे उगमकर कापायचा का? आयटीसीच्या प्रकरणात २०१६ साली निकाल लागला: नाही. ती ग्राहकाने दिलेली रक्कम आहे, मालक तिचा फक्त सांभाळणारा. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ते उत्पन्नच, पण पगार नव्हे. निकालातलं हे तत्त्व साध्या हॉटेलातही लक्षात ठेवण्यासारखं आहे. वेटर हळूच सांगतो, ‘साहेब, टीप बिलात नका टाकू, मालकाच्या खात्यात जाते.’ त्याचं ऐकावं. पाकिटात पाच-सहा दहाच्या आणि वीसच्या नोटा वेगळ्या ठेवल्या की हा प्रश्न मिटतो. काही वेटर आता स्वतःच्या मोबाइलवरचा क्यूआर पुढे करतात. संकोच वाटतो खरा, पण त्यात गैर काही नाही.

मोबाइल अ‍ॅपवरच्या टीपचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. जेवण घरपोच देणाऱ्या कंपन्या पैसे भरतानाच वीस, तीस, पन्नास अशी बटणं दाखवतात आणि रक्कम पूर्णपणे डिलिव्हरी करणाऱ्याला जाते असं सांगतात. पावसाळ्यात, रात्री अकरानंतर, लिफ्ट बंद असताना हे बटण दाबणं मला योग्य वाटतं. त्याहून चांगलं म्हणजे दारात रोख द्यावं आणि पाणी विचारावं. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांना मुख्य लिफ्ट वापरू द्यायची की नाही हा विषय निघाला, तर तोंड उघडावं. ते वीस रुपयांहून मोलाचं ठरेल.

टॅक्सी-रिक्षाच्या अ‍ॅपमध्ये मात्र ‘आगाऊ टीप’ नावाचा प्रकार आला तेव्हा गाडी घसरली. गाडी लवकर मिळावी म्हणून आधीच टीप जोडा, असं अ‍ॅप सुचवू लागलं. मे २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांनी या पद्धतीला अनैतिक म्हटलं आणि ग्राहक प्राधिकरणाने उबरला नोटीस पाठवली. माझ्या मते आक्षेप रास्त होता. काम व्हायच्या आधी, ते व्हावं म्हणून दिलेला पैसा टीप कसा? तो लिलाव. पावसात भिजत उभ्या असलेल्या दोघांपैकी वीस रुपये जास्त बोलणाऱ्याला रिक्षा मिळते आणि दुसरं कुणी, बहुधा कॉलेजची पोरगी किंवा म्हातारे आजोबा, उभंच राहतं. जेवणाच्या अ‍ॅपवरही टीप आधीच विचारतात, पण तिथे निदान शेजाऱ्याची थाळी पळवून माझ्याकडे येत नाही.

आधी की नंतर, हीच कसोटी सरकारी दारात फार उपयोगी पडते, कारण तिथे चहापाणी, खुशाली आणि लाच यांच्या सीमा कायम पुसल्या जातात. बाळंतपणानंतर वॉर्डातल्या आया आणि वॉर्डबॉय पेढ्यांचे पैसे मागतात. मुलगा झाला की आकडा वाढतो, हे सर्वांना ठाऊक असतं आणि याची लाज कुणालाच वाटत नाही. सरकारी रुग्णालयात हे पैसे न मागता दिले तरी नियमात बसत नाहीत. स्ट्रेचर हलवायलाच पैसे मागितले तर ती सरळ लाच झाली. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मजबुरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली पाहिजे. काटेकोर पाहिलं तर पोस्टमनचं दिवाळीचं पोस्तही या चौकटीत अवघडूनच बसतं. त्याला फराळाचा डबा द्यावा हे उत्तम.

गॅस सिलिंडर हा याच जातीचा रोजचा तंटा. बिलातल्या किमतीत घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो, तरी वीस-तीस रुपये वर मागितले जातात आणि तोंड वाकडं केलं तर पुढच्या खेपेला ‘घर बंद होतं’ असा शेरा पडण्याची भीती. मागून घेतलेले हे पैसे द्यायला कुणी बांधलेलं नाही. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर भरलेला सिलिंडर, म्हणजे १४.२ किलो गॅस आणि साधारण तेवढ्याच वजनाची लोखंडी टाकी, खांद्यावरून आणणाऱ्याला मी आपणहून देते. नियमाचं राहू द्या, त्या माणसाचे गुडघे मला दिसतात.

टीपने सेवा बिघडतेसुद्धा, याचं उदाहरण जंगलात सापडतं. ताडोब्याच्या सफारीत वाघ दिसला तर गाईड आणि जिप्सीचालकाला सढळ हाताने पैसे मिळतात, नाही दिसला तर पर्यटक तोंड पाडून उतरतात आणि पाकीट बंदच राहतं. गाईडने पाणवठ्यावरचा मत्स्यगरुड दाखवला, अर्जुन आणि ऐनाची झाडं ओळखायला शिकवली, त्याचं काही नाही. मग प्रत्येक जिप्सी वाघाच्याच मागे धावते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पिल्लांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी रस्त्यात अडवलं. चालक-गाईडांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. त्या दिवशी कुणी टीपच्या आशेने गाडी पुढे घातली असं मी म्हणत नाही. पण वाघावर बक्षीस लावणाऱ्या पर्यटकांनी हे वळण लावायला हातभार लावला आहे. सफारीला गेलात तर टीपची रक्कम गेटवर शिरतानाच मनाशी ठरवा आणि वाघ दिसो न दिसो तेवढीच द्या.

आता शेवटी ‘किती?’ याचं उत्तर टाळून चालणार नाही. साध्या हॉटेलात दोघांच्या खाण्याला दहा-वीस रुपये, सहा-आठ जणांच्या गोतावळ्याने तासभर टेबल अडवलं असेल तर पन्नास-शंभर. मोठ्या हॉटेलात पाच ते दहा टक्के रोख, बिलात सर्व्हिस चार्ज असेल आणि तो भरला असेल तर वेगळं काही नाही. सलूनमध्ये मालकच कात्री चालवत असेल तर टीपची गरज नाही, पगारी कारागीर असेल तर वीस-तीस. मीटरने चालणाऱ्या रिक्षाला वर देण्याची आपल्याकडे रीत नाही. पण सामान चढवायला हात लावला, रात्रीच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी न सोडता फाटकापर्यंत आणलं, तर वरचे पैसे परत मागू नयेत. लग्नात आचारी आणि वाढप्यांची बक्षिसी केटररच्या हातात न देता पंगती उठल्यावर त्यांना बोलावून स्वतः द्यावी. यजमानांपैकी बायकांनी दिली तर भांडी घासणाऱ्या बायकाही आठवणीत राहतात, असा माझा अनुभव आहे. परदेश सहलीला निघताना टूर कंपनीने टीपचे युरो आधीच भरून घेतले असतील तर बसमध्ये पुन्हा वर्गणी काढायचं कारण नाही, कुणी कितीही डोळ्यांत पाणी आणून भाषण केलं तरी.

आणि दिवाळीच्या यादीत एक भर घालावी. महापालिकेच्या घंटागाडीवरचे, गटारं उपसणारे बरेचसे कामगार आता ठेकेदाराकडे असतात. पालिका आपल्या कायम कर्मचाऱ्यांसाठी दिवाळीत सानुग्रह अनुदान जाहीर करते, त्याची बातमी पहिल्या पानावर येते आणि सोसायटीत समजूत होते की कचरावाल्यांना मिळाले. ठेक्यावरचा माणूस त्या बातमीत बहुधा नसतो. गाडी थांबली असताना खाली उतरून विचारलं तर तो एका वाक्यात सांगतो.